व्यसनमुक्ती केंद्रात दाखल होताना : रुग्णाने आणि घरच्यांनी काय माहीत करून घ्यावे

रात्री दहा-साडेदहाला फोन येतो. बहुतेक वेळा बहीण असते, नाहीतर बायको. "ताई, याला कुठंतरी टाकायचंय. उद्याच." मी आधी विचारते, शेवटची दारू कधी प्यायला? पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही. हा प्रश्न त्यांना अपेक्षित नसतो. त्यांना पत्ता आणि फीचा आकडा हवा असतो.

हे 'टाकायचंय' मी इतक्यांदा ऐकले आहे की आता फोनवरच दुरुस्त करते. टाकायचे नाही, दाखल करायचे आहे. त्यातही शक्य असेल तर त्याने स्वतः दाखल व्हायचे आहे. फरक नुसत्या शब्दाचा नाही. माणूस केंद्राच्या दारातून कसा आत गेला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. वस्तीत असा प्रसंग आला की डॉक्टरच्या आधी फोन जातो तो मंडळाच्या तरुणांना आणि विहारातल्या कार्यकर्त्यांना. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

शपथ नको, आधी दवाखाना

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग. रोज सकाळपासून पिणाऱ्या एका माणसाला कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभे केले, शपथ घ्यायला लावली आणि घरी नेऊन खोलीत ठेवले. हेतू चांगलाच होता. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत आणखी एक आली. तो वाचला, पण शपथ मोडली म्हणून नंतर लोक त्यालाच बोलले.

बरीच वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर शरीर बंड करते. साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळते, झोप येत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींचे भान सुटते. अंगावर किडे फिरताना दिसतात, कुणीतरी मारायला आले असे वाटते, माणसे ओळखू येत नाहीत. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. वस्तीत मात्र याला 'बाहेरचं लागलं' म्हणतात. आपल्या घरांतूनसुद्धा अशा वेळी गुपचूप अंगारे-धुपारे होतात, हे मी पाहिले आहे.

दवाखान्यात यावर उपाय आहेत. थरथर आणि फिट टाळणाऱ्या गोळ्या देऊन त्या काही दिवसांत कमी करत नेतात आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. अशक्तपणा आला म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नुसते ग्लुकोजचे सलाईन लावून घेऊ नका. बी-१ न देता ग्लुकोज चढवले तर अशा रुग्णाच्या मेंदूला इजा होऊ शकते. माणूस रोज पितो, हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका.

ब्राऊन शुगर बंद केल्यावर अंग मोडून येते, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात. हाल खूप होतात, पण दारूसारखा जिवाचा धोका सहसा नसतो. एमडीचे वेगळे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला गेला, तेव्हा हे नाव घरोघरी कळले. एमडी सुटताना पोरगा दिवसभर झोपून राहतो, उदास होतो, सगळ्यांवर संशय घेतो, जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलतो. त्याला त्या दिवसांत एकटे ठेवू नये.

कुठे जायचे

नाशिकमध्ये पहिला दरवाजा त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयाचा, म्हणजे आपल्या बोलीत सिव्हिलचा. फिट, भ्रम किंवा रक्ताची उलटी असेल तर थेट अपघात विभागात जावे, नसेल तर मनोविकार विभागात दाखवावे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. प्रत्येकाला निवासी केंद्राची गरज नसते, हेही इथेच कळते. घरी कुणी लक्ष ठेवणारे आहे, पूर्वी फिट आलेली नाही, पिणे फार नाही, अशा माणसावर ओपीडीतून गोळ्या आणि समुपदेशनाने उपचार होऊ शकतात. नोकरीही सुटत नाही.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रेही असतात. जवळचे कोणते, हे १४४४६ या टोल फ्री क्रमांकावर विचारता येते. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचे असेल तर टेली मानस, १४४१६. तिथे मराठीत बोलता येते.

या मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे त्यात दिसले. उरलेल्या ३७ जणांच्या घरी काय चालू असेल, ते आपण आपल्या गल्लीत पाहतोच.

कायद्याने दाखल होण्याच्या दोन वाटा

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार मानसिक आजारात धरले जातात. त्यामुळे अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. प्रमाणपत्र दाखवा म्हणायला संकोच करू नका.

पहिली वाट स्वतःहून दाखल होण्याची. अठरा वर्षांवरील माणूस स्वतः अर्ज करतो, सही करतो, आणि जायचे म्हणाला तर केंद्राला त्याला सोडावे लागते. अगदी धोका वाटला तर तपासणीसाठी जास्तीत जास्त २४ तास थांबवून ठेवता येते. घरच्यांना हे आवडत नाही. "पाचव्या दिवशी निघून आला तर?" येऊ शकतो. म्हणून दाखल होण्याआधी त्याच्याशी बोलण्यात दोन-तीन दिवस गेले तरी ते वाया जात नाहीत. बोलायचे ते सकाळी, उतरलेली असताना, भांडण न काढता.

दुसरी वाट त्याची तयारी नसतानाची. तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, किंवा स्वतःची काळजीही घेऊ शकत नसेल आणि त्यामुळे धोक्यात असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे सहसा जवळचा नातेवाईक अर्ज करतो. मात्र त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत एका मनोविकारतज्ज्ञाने आणि आणखी एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाने त्याला वेगवेगळे तपासलेले असावे लागते. मुदत ३० दिवसांपर्यंत. केंद्राने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचे असते आणि रुग्ण तिथे दाद मागू शकतो. अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकांचा अर्ज लागतो आणि त्याला मोठ्यांपासून वेगळे ठेवावे लागते.

तिसरी वाट कायद्यात नाही, पण बाजारात आहे. पहाटे गाडी येते, चार धट्टेकट्टे लोक उतरतात, झोपेतल्या पोराला उचलतात. अशा एका जागी मी एका आईबरोबर गेले होते. पोराचे डोके भादरलेले, संडास-बाथरूम धुण्याचे काम त्याच्याकडे, आणि भेटीच्या वेळी बाजूला एक माणूस उभा. आई म्हणाली, "निदान पीत तरी नाही." तिचे मला समजले. पण जबरदस्तीने डोके भादरणे, कामाला जुंपणे, साखळीने बांधणे या सगळ्याला याच कायद्याने मनाई आहे. त्या पोराने बाहेर आल्यावर दोन वर्षे कुठल्याही डॉक्टरकडे पाऊल टाकले नाही.

"पोलीस केस होईल का?" असे ब्राऊन शुगर आणि एमडीवाल्यांच्या घरचे हमखास विचारतात. अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात बाळगल्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले तर खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. आधीच गुन्हा दाखल असेल तर वकिलाशी बोलूनच पाऊल टाका.

मुक्तांगणने घालून दिलेली पद्धत

महाराष्ट्रात या कामाला वळण दिले ते पुण्याच्या मुक्तांगणने. ऐंशीच्या दशकात गर्दने तरुण पोरे गिळायला सुरुवात केली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी केंद्र सुरू केले. पुढे ३५ दिवसांचा निवासी कार्यक्रम रुळला. स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसे तिथे समुपदेशक झाली. पत्नींसाठी 'सहचरी' गट सुरू झाला. स्त्री रुग्णांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. व्यसनी बाईला घरचे दवाखान्यात नेण्याऐवजी माहेरी पाठवतात, त्यामुळे ती उपचारापर्यंत फार उशिरा पोहोचते.

नाशिकहून पुण्याला जाणे प्रत्येकाला परवडत नाही. माझे मत विचाराल तर, नोंदणी असलेले, साधेच पण जवळचे केंद्र बरे. कारण घरच्यांनाही तिथे बैठकांना जायचे असते, आणि रोजंदारी बुडवून दर आठवड्याला पुणे गाठणे होत नाही.

दाखल होण्याचा दिवस

आधार कार्ड, फोटो, जुने केसपेपर, चालू असलेल्या गोळ्या सोबत घ्या. मधुमेह, मिरगी, टीबीचा इतिहास लपवू नका. आत गेल्यावर डॉक्टर तपासतात, लिव्हर आणि साखरेसाठी रक्त घेतात. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करता येत नाही. समुपदेशक रुग्णाशी वेगळे आणि बायकोशी किंवा आईशी वेगळे बोलतात. ती आकडा सांगते त्याच्या निम्मा तो सांगतो, आणि खरे बहुधा तिचेच असते. बॅग तपासली जाते. सॅनिटायझर आणि आफ्टरशेव्हसुद्धा काढून घेतात, कारण त्यात अल्कोहोल असते. यात अपमान मानू नये.

सही करण्याआधी कागद वाचून घ्या आणि प्रत मागा. रात्री डॉक्टर कोण असतो, तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात, फीमध्ये औषधे आणि तपासण्या धरल्या आहेत का, भेट आणि फोन कधी, हे तिथेच विचारा. उडवाउडवीची उत्तरे आली तर घरी परत या. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी काढून बघा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण द्यावे, असे हाच कायदा सांगतो.

मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोन येतो. "मला इथून ने. हे लोक मारतात." सगळ्यांत अवघड क्षण हा. तलफेपोटीही माणूस असे बोलतो आणि खरेही असू शकते. फोनवरून ओळखता येत नाही. 'नाटक करतोय' म्हणून ठेवून देऊ नका आणि रडत जाऊन घरीही आणू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एकाने जावे, त्याला एकांतात भेटावे, अंगावर वळ आहेत का बघावे, त्याच्यासमोरच डॉक्टरांशी बोलावे. एकांतात भेटूच देत नसतील तर तुमचा निर्णय झाला असे समजा. कार्यकर्त्याने घरच्यांबरोबर जायला हवे ते या दिवशी. पहिल्या दिवशी गाडीत बसायला सगळेच असतात.

घरी आल्यावर

ब्राऊन शुगरवाला महिनाभर लांब राहिला की शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन त्याने जुन्याच मापाने घेतली तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. हे त्याला आणि घरच्यांना, दोघांनाही सांगून ठेवावे.

दारू सोडवण्यासाठी चहातून गुपचूप पावडर देण्याच्या जाहिराती वस्तीत फिरतात. डायसल्फिराम नावाची गोळी डॉक्टर खरेच देतात, पण रुग्णाला सांगून आणि तपासून. ती पोटात असताना माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो. नकळत देणे म्हणजे विषाशी खेळ.

विहारातले एकदा नीट बोलायला हवे. एका तरुणाने मला सांगितले होते, "ताई, पाचवं शील म्हणायचो आणि संध्याकाळी प्यायचो. लाज वाटली म्हणून विहारच सोडलं." आपल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, त्यामुळे आपल्या पोराला दुप्पट अपराधी वाटते. घरचेही लपवतात आणि उपचाराला आणखी दोन-चार वर्षे उशीर होतो. परत आलेल्याला माइकवर बोलावून सत्कार करू नका. घसरला तर त्याला तोंड लपवायला जागा उरत नाही. त्याला सतरंज्या घालायला, वाचनालयाची नोंदवही सांभाळायला बोलवा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला फी नसते, पहिल्या दिवशी त्याच्यासोबत दारापर्यंत जा.

घसरणे पुष्कळांच्या बाबतीत होते. एकदा प्यायला की घरात 'सगळे पैसे पाण्यात गेले' सुरू होते आणि तो आठवडाभर पीत राहतो. त्याच दिवशी समुपदेशकाला फोन केला तर बहुतेकदा पुन्हा दाखल व्हावे लागत नाही. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर पहिल्या फॉलोअपची तारीख लिहून घ्या, ती कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात उतरवा, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर कोण जाणार ते आजच ठरवा.