सातशे वर्षांचा मजकूर आणि वीस वर्षांची सीडी

या वीकांताचा विषय आहे जुन्या सीडी लिनक्सवर कशा वाचायच्या. पण सुरुवात मात्र चौदाव्या शतकापासून आणि खुलताबादपासून करतोय. नमनाला घडाभर तेल वाटेल, पण संबंध आहे, थोडा धीर धरा.

छत्रपती संभाजीनगरहून (२०२३ पर्यंतचं औरंगाबाद) वेरूळला जाताना दौलताबादच्या पुढे घाट चढला की खुलताबाद लागतं. बहुतेक मंडळी भद्रा मारुतीचं दर्शन घेतात, औरंगजेबाची कबर पाहतात आणि लेण्यांकडे निघतात. याच गावात अमीर हसन सिज्झी हा फारसी कवीही दफन आहे. तो दिल्लीला निजामुद्दीन औलियांकडे जायचा आणि ते जे बोलत ते टिपून ठेवायचा. १३०८ पासून १३२२ पर्यंत त्यानं हे काम केलं. त्यातून 'फवाइदुल फुआद' हा ग्रंथ झाला. पुढे मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली आणि हसनही दख्खनेत आला. खुलताबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या शिष्यांनीही आपल्या गुरूचं बोलणं असंच लिहून ठेवलं.

आता गंमत पाहा. हसनची मूळ वही कुठे आहे, यावाचून कुणाचं अडत नाही. कारण तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, पुढे छापखाना आला, आणि १९९२ मध्ये ब्रूस लॉरेन्स यांचं इंग्रजी भाषांतरही आलं. कागद अमर नव्हता. नकलणारे होते, आणि फारसी वाचता येणारे होते.

आता सीडीकडे येऊ.

सोनी आणि फिलिप्सनं १९८२ मध्ये सीडी बाजारात आणली ती गाण्यांसाठी. गाण्यातला एखादा कण हरवला तर प्लेअर आजूबाजूचा आवाज पाहून अंदाजानं भोक बुजवतो, कानाला कळतही नाही. संगणकाच्या फाइलीत असा अंदाज कसा चालेल? म्हणून डेटा सीडीवर २३५२ बाइटांच्या प्रत्येक तुकड्यात आपला मजकूर फक्त २०४८ बाइट असतो. उरलेल्या जागेतला मोठा भाग चुका ओळखायला आणि दुरुस्त करायला ठेवलेला असतो. यामागचं गणित रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्येच मांडलं होतं.

या गणिताचा एक तोटाही आहे. सीडी आतून खराब होत जाते, पण दुरुस्ती चालू असल्यामुळे आपल्याला काहीच दिसत नाही. मग एक दिवस चुका मर्यादेबाहेर जातात आणि 'कालपर्यंत तर चालत होती!' असं म्हणायची वेळ येते.

त्यातही कारखान्यात छापलेली सीडी वेगळी आणि आपण 'राइट' केलेली वेगळी. पहिलीवर खरेखुरे खड्डे असतात. दुसरीवर रंगद्रव्याचा थर असतो आणि लेझरनं त्यावर डाग पाडलेले असतात. उन्हानं, उष्णतेनं तो रंग बिघडतो. अजून एक गोष्ट, आपण खालची चकचकीत बाजू जपतो, पण सीडीत नाजूक असते ती वरची, नाव लिहायची बाजू. चांदीसारखा थर तिथेच असतो, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली.

भारतात हे सगळं फार झपाट्यानं आलं आणि गेलं. १९८३ मध्ये दिल्लीत सुरू झालेली मोझर बेअर जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी एक झाली, २००७ च्या सुमारास सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना विकू लागली, आणि २०१८ मध्ये अवसायनात निघाली. मधल्या काळात गावोगावच्या लग्नांचे, बारशांचे, भाषणांचे एकमेव पुरावे या चकत्यांवर जाऊन बसले.

आमच्याकडेही तसंच. माझे आजोबा (आईचे वडील) खुलताबादचे. निजामाच्या राज्यात त्यांची शाळा उर्दूतून झाली. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, तेव्हा ते शाळकरी होते. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी २००३ मध्ये एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या आणि पुढच्या वर्षी मामानं त्याच सीडीवर त्यांच्या आवाजातलं थोडं बोलणंही भरलं. आजोबा आता नाहीत. छापील प्रत पाहुण्यांत फिरता फिरता हरवली. उरली ती सीडी, आणि ती मामाच्या संगणकावर उघडेना.

अशा वेळी घाई न करता एकेक शक्यता बाद करत जायचं.

आधी ड्राइव्ह तपासा. कारखान्यात छापलेली एखादी चांगली सीडी घाला. तीही चालली नाही तर दोष ड्राइव्हचा. यूएसबीवरच्या चपट्या ड्राइव्हला पुष्कळदा पुरेशी वीज मिळत नाही, तेव्हा दोन तोंडांची केबल किंवा स्वतंत्र वीज असलेला हब लावा. कर्नलच्या नोंदी (डीमेसेज) वाचा, चुका कुठे येतात ते तिथे दिसतं. अगदी शेवटच्या दोन सेक्टरांवरच चूक येत असेल तर घाबरू नका. जुन्या पद्धतीनं लिहिलेल्या सीडीच्या शेवटी ते दोन तुकडे मोकळेच असतात.

मग सीडीचा प्रकार ओळखा. साधी डेटा सीडी १९८८ च्या आयएसओ ९६६० मानकाची असते. फ्लॉपीसारखी वापरलेली असेल तर यूडीएफ म्हणून माउंट करून पाहा. ऑडिओ सीडी माउंट होतच नाही, तिला सीडीपॅरानोया लागतं. लग्नाच्या व्हीसीडीवर फाइली दिसतात, पण कॉपी करताना चूक येते. तिथला व्हिडिओ वेगळ्या आकाराच्या सेक्टरांत असतो, म्हणून व्हीसीडीइमेजरमधलं व्हीसीडीएक्सरिप वापरा. आणि सीडी दोन वेळा लिहिलेली असेल तर जुनं सत्र लपलेलं असू शकतं. माउंट करताना सत्राचा क्रमांक देता येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मरायला टेकलेल्या सीडीवरून फाइली एकेक करून उचलत बसू नका. जीएनयू डीडीरेस्क्यूनं संपूर्ण सीडीची प्रतिमा काढा, सेक्टर २०४८ चा सांगून. पहिल्या फेरीत अवघड भाग सोडून द्यायला सांगा, दुसऱ्या फेरीत त्यांच्यावर पुन्हा प्रयत्न करा. काय वाचलं, काय राहिलं याचा नकाशा तो एका फाइलीत ठेवतो. तोच नकाशा घेऊन सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर तो फक्त उरलेले भाग मागतो. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी! आजोबांच्या सीडीवर एका ड्राइव्हनं सोडलेलं जवळजवळ सगळं दुसऱ्यानं वाचलं. आवाज मिळाला. २००३ चं सत्रही मिळालं.

झालं? छे. फाइल पेजमेकरची. लिब्रेऑफिसला २०१५ पासून ती उघडता येते, तशी ती उघडली, आणि समोर आली रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, पण डीटीपीच्या दुकानांत पुढे कित्येक वर्षं जुने फाँट चालले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. फाँट नाही तर मजकूर नाही. बरं, तुकडे साठवलेले असत ते दिसण्याच्या क्रमानं. म्हणजे 'कि' मधली वेलांटी आधी, 'क' नंतर. 'वर्ष' मधला रफार 'ष' च्या मागून. नुसतं अक्षराला अक्षर बदलून भागत नाही, क्रमही लावावा लागतो. फाइलीतून फाँटचं नाव काढलं, त्याचा परिवर्तक जालावर मिळाला, आणि उरलेल्या चुका मी आणि आईनं वाचून सुधारल्या.

ते करताना एक गोष्ट लक्षात आली. आजोबांच्या वडिलांची कागदपत्रं मोडीत आणि उर्दूत आहेत. कागद शाबूत आहे, पण घरात ती कुणालाच वाचता येत नाहीत. आजोबांचा मजकूर देवनागरीत असूनही वीस वर्षांत त्याच वाटेनं निघाला होता. आधी सीडी, मग ड्राइव्ह, मग फाइलीचा प्रकार, मग फाँट. यातली एक जरी कडी तुटली असती तर आमच्यासाठी तीही मोडीच झाली असती.

म्हणून मंडळी, घरातल्या सीडींचा डबा येत्या वीकांताला खाली काढा. 'शंभर वर्षं टिकेल' अशा माध्यमाच्या शोधात बसू नका. प्रतिमा काढा, मजकूर युनिकोडमध्ये आणा, दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत भावंडांपैकी कुणाला तरी द्या. हसन सिज्झीच्या वहीच्या बाबतीत लोकांनी वेगळं काय केलं होतं?