वाकवणारा ताप आणि घरातला रांजण

२००६ साली महाराष्ट्रात चिकनगुनियाची साथ आली तेव्हा चिकन खाणं सोडून देणारे लोकही होते. त्याच वर्षी नवापूरला बर्ड फ्लू येऊन गेला होता, त्यामुळे गोंधळात भरच. खरं तर या नावाचा कोंबडीशी काडीचाही संबंध नाही. हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला. अर्थ साधारण 'जो माणसाला वाकवून टाकतो तो'. सांधे धरलेला पेशंट पाहिलाय? मग अर्थ वेगळा सांगायला नको.

गोष्ट १९५२-५३ची. टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा दक्षिण भाग. माकोंडे पठारावरच्या खेड्यांत अचानक तापाची साथ आली. मॅरियन रॉबिन्सन या डॉक्टरने लक्षणांची नीट नोंद केली. चित्र बरंचसं डेंग्यूसारखं, पण सांधेदुखी भयंकर. मग युगांडातल्या एंटेबीच्या व्हायरस संशोधन संस्थेचे लोक कामाला लागले. रुग्णांच्या रक्तातून आणि पकडलेल्या डासांतून आर. डब्ल्यू. रॉस यांनी नवाच विषाणू वेगळा केला.

पण खरा पेच पुढेच. डासाला पाणी लागतं, आणि पठार तर कोरडं! पाणी दुरून आणावं लागे. मग डास वाढत होते कुठे? लम्सडेन यांना उत्तर झोपड्यांच्या आतच सापडलं: जपून साठवलेल्या पाण्याच्या भांड्यांत. एडीस इजिप्ती हा डास तिथेच अंडी घालत होता. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर दवाखान्यात दिसत होती, बग मात्र घरात होता. साइटवर गेल्याशिवाय तो सापडणारच नव्हता.

आता आपल्याकडे बघा. १९७३ मध्ये साथ आली ती बार्शीला. तोही दुष्काळी मुलूखच. नंतर जवळपास तीस वर्षं शांतता, आणि २००६ मध्ये देशभरात तेरा लाखांहून जास्त संशयित रुग्ण.

'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' हा सल्ला शास्त्राला धरून आहे, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडाच लागतो. पण ज्या घरी नळच आठ-दहा दिवसांनी येतो, तिथली बाई भरलेलं पिंप ओतून कसं देणार? फार तर फडकं घट्ट बांधेल.

साथ आली की आपण धुराची गाडी मागवतो. आधी नळाचं वेळापत्रक मागवायला हवं.