चालढकलीची सवय: ओळखावी कशी, मोडावी कशी?

जुलै महिन्यात इगतपुरी परिसरातल्या दवाखान्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते: "एवढी आवणी उरकू द्या डॉक्टर, मग तपासून घेतो." आवणी उरकते. मग गणपती येतात, भातसोंगणी येते, दिवाळी येते. रक्ततपासणीची चिठ्ठी मात्र पिशवीत तशीच राहते.

चालढकल म्हणजे काय?

खरोखर अडचण आली म्हणून काम पुढे नेणे म्हणजे चालढकल नव्हे. उशीर केल्यास आपलेच नुकसान आहे हे माहीत असूनही काम टाळत राहणे, ही चालढकल. यालाच आपल्याकडे 'आजचे मरण उद्यावर ढकलणे' म्हणतात.

हा आळस असतोच असे नाही. दिवसभर चिखलात राबणारी व्यक्तीसुद्धा तपासणी टाळते, कारण मनात भीती असते: "साखर निघाली तर?" तपासणी पुढे ढकलली की त्या क्षणी हायसे वाटते. हाच सुटकेचा अनुभव पुन्हा पुन्हा येऊन सवय पक्की होते. भीती जात नाहीच, वर अपराधीपणाची भर पडते.

स्वतःला विचारून पाहा

- एकच काम तुम्ही तीन-चार वेळा पुढे ढकलले आहे का?
- दर वेळी कारण नवे, पण काम तेच आहे का?
- त्या कामाची आठवण निघाली की तुम्ही विषय बदलता का?
- गोळ्या संपल्यावर "आता बरे वाटते" म्हणून पुन्हा आणायचे राहून जाते का?

दोन-तीन उत्तरे 'हो' असतील तर सवय जडली आहे असे समजा. रक्तदाब आणि मधुमेहात याचा धोका जास्त असतो. हे आजार बराच काळ काही त्रास न देता डोळे, मूत्रपिंड आणि हृदयाला इजा करत राहतात. म्हणून "त्रास होईल तेव्हा बघू" हा हिशेब इथे चालत नाही.

सवय मोडण्यासाठी

1. भीतीला नाव द्या. "वेळ नाही" आणि "भीती वाटते" यांतले खरे कोणते, ते स्वतःशी कबूल करा. डॉक्टरांनाही सांगा, त्यात कमीपणा नाही.
2. पहिली पायरी लहान ठेवा. 'साखर आटोक्यात आणायची' हे मोठे ओझे आहे. 'मंगळवारी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे' हे जमणारे काम आहे.
3. वेळ आणि जागा ठरवा. "घोटीच्या बाजाराला जाईन, तेव्हा आधी रक्तदाब मोजून घेईन." असे 'जेव्हा-तेव्हा' बांधलेले ठराव नुसत्या इच्छेपेक्षा जास्त पाळले जातात, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांच्या संशोधनातून दिसले आहे.
4. अडथळे आदल्या रात्रीच काढा. चिठ्ठी, जुने रिपोर्ट, चालू गोळ्या आणि पैसे एका पिशवीत भरून ठेवा.
5. एखादा दिवस चुकला तर स्वतःला दोष देत बसू नका. लगेच पुढचा दिवस ठरवा.

घरच्यांसाठी

कसाऱ्याहून घाट चढताना रेल्वेगाडीला मागून जादा इंजिने लावतात आणि इगतपुरीला ती काढून घेतात. घरच्यांची मदतही तशीच असावी. चढापुरता जोर द्या, बोल लावू नका. "किती वेळा सांगितले!" याऐवजी "उद्या मी सोबत येतो, आठला निघू" म्हणा.

यात एक दिवसही थांबू नका

- छातीत दुखणे किंवा दडपण, दम लागणे. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना अडखळणे: लगेच 108 ला फोन करा.
- मधुमेह असताना पायाला झालेली जखम, मग ती दुखत नसली तरीही.
- भातखाचरात काम केल्यानंतर आलेला ताप आणि अंगदुखी. हा लेप्टोस्पायरोसिस असू शकतो.
- दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला किंवा न भरणारा तोंडातला व्रण, स्तनातली गाठ.

सरकारी आरोग्य केंद्रांत क्षयरोगाची तपासणी मोफत होते. तिशीनंतर रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणीही तिथे करून घेता येते.

चालढकलीमागे आजार असू शकतो का?

हो. पूर्वी कामे वेळेवर करणारी व्यक्ती अचानक सगळेच टाळू लागली, दोन आठवडे मन उदास राहिले, झोप-भूक बदलली, तर ते नैराश्य असू शकते. रक्तक्षय आणि थायरॉईडच्या विकारातही अंगातले बळ जाते. लहानपणापासून लक्ष टिकत नसेल तर त्याचीही तपासणी होऊ शकते. मनाच्या त्रासासाठी 'टेलिमानस'च्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येते. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

हे वाचताना तुम्हाला तुमचे एखादे राहिलेले काम आठवले असेल. चिठ्ठी शोधून काढा आणि तिच्यावर वार व वेळ लिहा. आजच्यापुरते एवढे पुरे.