वडराईचे खडक आणि तराफ्यातले डिझेल

केळवे-माहीमचे किल्ले पाहून शिरगावकडे निघणाऱ्यांना वडराईच्या खडकांपाशी थांबण्याचे कारण सहसा नसते. 17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळात नांगर तुटून भरकटलेला ‘गाल कन्स्ट्रक्टर’ हा तराफा याच खडकांवर रुतला. दुसऱ्या दिवशी त्यावरील 137 जणांची सुटका झाली. साऱ्या देशाचे लक्ष बुडालेल्या ‘पी-305’कडे होते, इकडे तराफ्यातले डिझेल गळू लागले.

डिझेल हलके, त्याचा बराच अंश उन्हावाऱ्याने उडून जातो. उरलेले मात्र वाळूत मुरते, खडकांच्या खाचांत साचते आणि कालवे वेचणाऱ्या बायकांच्या टोपलीपर्यंत पोहोचते. त्यामुळे तवंग दिसेनासा झाला म्हणजे तपास संपला, असे होत नाही; वाळूत खड्डे घेऊन थराथराने नमुने काढावे लागतात. पावसाळ्यात किनाऱ्याला लागणारे डांबरगोळे आणि हे डिझेल यांतला फरक हायड्रोकार्बनच्या ठशावरून ओळखता येतो.

1996 च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार समुद्रातील तेल तटरक्षक दलाकडे, किनाऱ्याला लागलेले राज्य प्रशासनाकडे. आता ही हद्द भरतीबरोबर दिवसातून दोनदा सरकते, ते वेगळेच! जूनचे उधाण आले की तेलकट थर धुऊन जातो किंवा नव्या वाळूखाली गाडला जातो. भरपाई मागणाऱ्या मच्छीमाराला पुरावा त्याआधीच गोळा करावा लागतो.