'स्थापना' म्हणजे नक्की कशाची? नंदाखालच्या चर्चच्या निमित्ताने

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिलं वाक्य हाताला सवयीनेच येतं : 'या चर्चची स्थापना अमुक साली झाली.' माझंही तेच झालं. विरारजवळच्या नंदाखालचं पवित्र आत्मा चर्च, स्थापना १५७३, असं लिहून मोकळा झालो. गाइडनी समासात पेन्सिलने दोनच शब्द लिहिले : 'कशाची स्थापना?'

तेव्हा लक्षात आलं की इमारत, धर्मग्राम आणि समाज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघांची सुरुवात एकाच वर्षी झाली असेल असं नाही. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्यामागे फ्रान्सिस्कन आले, मग जेझुइट. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म वसईतला, साधारण १५५७ चा. म्हणजे नंदाखालच्या १५७३ च्या आधीच या परिसरात ख्रिस्ती कुटुंबं होती.

दुसरी गफलत १७३९ ची. मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि बरेच अभ्यासक तिथेच प्रकरण संपवतात. पोर्तुगीज राजवट संपली, हे खरंच. युरोपीय पाद्री गेले. चर्चमधल्या काही घंटाही गेल्या; नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा वसईची म्हणूनच ओळखली जाते. पण माणसं गेली नाहीत. सामवेदी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती कुटुंबं इथेच शेती आणि मासेमारी करत राहिली. गोव्याकडच्या आणि स्थानिक धर्मगुरूंनी उपासना चालू ठेवली. राजवटीचा शेवट म्हणजे समाजाचा शेवट नव्हे.

आता संशोधकाच्या कामाचा मुद्दा. वसईतली बहुतेक चर्चेस १८८६ पर्यंत गोव्याच्या आर्चबिशपांच्या अखत्यारीत होती. त्या वर्षी दमण धर्मप्रांत झाला आणि ती तिकडे गेली. १९२८ मध्ये मुंबईकडे आली. २२ मे १९९८ रोजी स्वतंत्र वसई धर्मप्रांत झाला; त्याचं कॅथेड्रल पापडीला. लोक तेच, गाव तेच, पण कारभार चार ठिकाणी फिरला. आणि कारभार जिथे, पत्रव्यवहार तिथे! मी सुरुवातीला फक्त मुंबईतली कागदपत्रं पाहायचं ठरवलं होतं. तसंच केलं असतं, तर एकोणिसाव्या शतकातला शुकशुकाट बघून 'या काळात समाज निष्क्रिय होता' असं बेधडक लिहून बसलो असतो. निष्क्रिय समाज नव्हता, चुकीच्या कपाटात शोधणारा मी होतो.

म्हणून विषय घेतानाच दोन रकाने आखा : एकात वर्ष, दुसऱ्यात 'तेव्हा अधिकार कोणाचा?' मग अर्काइव्हचं तिकीट काढा. माझं पहिलं वाक्य आता असं आहे : 'नंदाखालच्या चर्चची स्थापना १५७३ ची मानली जाते, प्रस्तुत अभ्यास त्या चर्चभोवतीच्या समाजाचा आहे.' वाक्य लांबलं, पण आता त्याचा बचाव करता येतो.