व्हॉल्व्हमधला झोल

जुन्या गिटार ॲम्प्लिफायरमागे डोकावलं, तर काचेच्या व्हॉल्व्हच्या रांगेत एक असा दिसतो की ज्याच्यातून गिटारचा सूर कधी जातच नाही. तो रेक्टिफायर. ट्रान्सफॉर्मरकडून आलेल्या एसीची डीसी करायची, एवढीच त्याची चाकरी. तरी त्याच्या जागी व्हॉल्व्ह असावा की सिलिकॉनचा डायोड, यावर गिटारवाले हमरीतुमरीवर येतात.

खरं तर ‘व्हॉल्व्ह’ या नावावर पहिला हक्क याचाच. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी निर्वात दिव्यात तापलेल्या तंतूशेजारी धातूचा तुकडा बसवला. वीज एकाच दिशेनं जाऊ लागली, पंपातल्या झडपेतून पाणी जावं तशी. म्हणून व्हॉल्व्ह, म्हणजे झडप. अमेरिकेत ‘ट्यूब’ रूढ झालं. आपण इंग्रजांचं उचललं, म्हणून आजोबांकडे ‘व्हॉल्व्हचा रेडिओ’ असायचा. आवाज वाढवणाऱ्या नळ्यांना हे नाव नंतर चिकटलं.

फ्लेमिंगना बिनतारी संदेश टिपायचे होते. पुढे घरच्या विजेवर चालणारे रेडिओ आले आणि त्यांना डीसी पुरवायला १९२७मध्ये आरसीए कंपनीनं ‘२८०’ हा रेक्टिफायर काढला. त्याचाच आठ पिनांचा अवतार म्हणजे ५वाय३. तंतूला तेच ५ व्होल्ट, तेच २ अँपिअर. लिओ फेंडरनं १९३८मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान थाटलं होतं. ॲम्प्लिफायर बांधायला घेतला तेव्हा रेडिओचंच सामान वापरलं. त्याच्या पन्नाशीच्या दशकातल्या ‘डिलक्स’मध्ये ५वाय३ बसला तो असा, वारसाहक्कानं.

या व्हॉल्व्हला एक खोड आहे. सव्वाशे मिलिअँपिअर खेचले की पन्नास-साठ व्होल्ट तो स्वतःच गिळतो. खेड्यात पिठाची गिरणी सुरू झाल्यावर दिवे मंदावतात ना, तसंच. जाड तारेवर जोरात आघात करा : आउटपुटचे व्हॉल्व्ह एकदम करंट ओढतात, व्होल्टेज खाली बसतं, आघाताची धार दबते, मग सूर विरू लागतो तसं व्होल्टेज सावरतं आणि आवाज मागून फुगत येतो. गिटारवाले याला ‘सॅग’ म्हणतात. मराठीत त्याला झोल म्हणावं, कपड्यांच्या दोरीला येतो तो. इंजिनिअरच्या लेखी तो दुसऱ्या अर्थानंही झोलच!

युरोपात निघालेल्या जीझेड३४नं ही खोड बरीच मोडली. सव्वादोनशे मिलिअँपिअरलाही त्याचा खर्च सतराएक व्होल्ट. तो फेंडरच्या ‘बेसमन’मध्ये गेला आणि त्या बेसमनवर बेतून १९६२मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल उभा राहिला. तोवर सिलिकॉन डायोड स्वस्त झाले होते. त्यांना तंतू तापवायला नको, खर्च जेमतेम एक व्होल्ट. १९६३चा ८५ वॉटचा ‘ट्विन रिव्हर्ब’ डायोडवरच निघाला, मार्शलचे शंभर वॉटवालेही तिकडेच वळले. मोठ्या रंगमंचावर आवाज ठाम हवा होता, दबकणारा नको होता. लहान ॲम्पमध्ये मात्र व्हॉल्व्ह टिकून राहिला, आणि जी खोड होती तिचे चाहते तयार झाले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मेसा बूगी कंपनीनं ‘ड्युअल रेक्टिफायर’ हा ॲम्प काढून दोन्ही सोयी एकाच पेटीत घातल्या. मागे एक स्विच : इकडे व्हॉल्व्ह, तिकडे डायोड. झडपेचं नाव थेट दर्शनी पाटीवर आलं. मेटलवाल्यांच्या धडाधड वाजणाऱ्या तुकड्यांना मला विचाराल तर डायोडची बाजूच शोभते. ब्लूजमधला ताणून धरलेला सूर मात्र झोलावरच खुलतो.

जुन्या ॲम्पमध्ये ५वाय३ काढून डायोड खुपसणाऱ्यांनी एवढं पाहावं की व्होल्टेज एकदम चढतं. बायस, म्हणजे आउटपुटच्या व्हॉल्व्हचा शांत असतानाचा करंट, पुन्हा लावावा लागतो, जुने कपॅसिटर तेवढं सोसतील का हेही तपासावं लागतं. आणि फेंडरच्या चिमुकल्या ‘चॅम्प’साठी महागडा जुना ५वाय३ शोधत हिंडणाऱ्यांना काय सांगावं? त्यात आउटपुटला एकच व्हॉल्व्ह, क्लास ए. हळू वाजवा की जोरात, तो करंट जवळपास सारखाच ओढतो. तिथे झोल पडायला वावच फारसा नाही.