गेटिसबर्गचा पट आणि नकाशांचे थर

रणांगणाच्या खेळाला खऱ्या जमिनीचा नकाशा हवा, हा विचार १८२४ मध्ये प्रशियात रुजला. हेलविगच्या १७८० च्या खेळात डोंगर, दलदल, पाणी यांची रंगीत घरे बुद्धिबळासारखी मांडलेली असत. लेफ्टनंट फॉन राइसविट्झने ती घरे सोडून १:८००० प्रमाणाचे नकाशे टेबलावर पसरले. पण मोजणीचा नकाशा जमीन सांगतो, लढाई सांगत नाही. म्हणून जुन्या लढाईचा पट करणाऱ्याला अनेक नकाशे एकावर एक ठेवावे लागतात. माझे म्हणणे इतकेच की त्यांचा काला करू नये. कोणता थर कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर केला हे पाहून त्याला तेवढ्याच प्रश्नापुरते प्रमाण मानावे.

पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गची लढाई १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत झाली. तिथल्या जमिनीची पद्धतशीर मोजणी १८६८-६९ मध्ये जनरल वॉरनच्या देखरेखीखाली झाली. लिटल राउंड टॉप ही मोक्याची टेकडी मोकळी पडली आहे हे दुसऱ्या दिवशी हेरणारा अभियंता तोच. त्याच्या नकाशावरच्या समोच्च रेषांवरून कुठून काय दिसत होते याचा अंदाज बांधता येतो. जॉन बॅचेल्डर हा चित्रकार लढाईनंतर थोड्याच दिवसांत तिथे पोहोचला, जखमींना आणि अधिकाऱ्यांना विचारत राहिला, आणि १८७६ मध्ये त्याने पलटणींच्या जागा दाखवणारे तीन दिवसांचे तीन नकाशे काढले. त्यांचा पाया वॉरनच्या मोजणीचाच होता. एकाच कागदावर आले तरी हे दोन पुरावे एका तोलाचे नाहीत. चढ यंत्राने मोजला आहे. पलटणीची रेघ आठवणीतून आली आहे, आणि आपली पलटण पुढे होती असे सांगण्यात प्रत्येकाचा मान गुंतलेला होता. दोन्ही जुळत नसतील तर चढ जागेवर ठेवून रेघ तपासावी.

मग आजचे अचूक उपग्रहचित्रच पायाला का घेऊ नये? कारण ते आजच्या जमिनीबद्दल अचूक आहे. दीडशे वर्षांत तिथे रस्ते झाले, स्मारके उभी राहिली, काही शेतांत झाडी माजली. १८६३ चे दृश्य परत आणण्यासाठी राष्ट्रीय उद्यान खात्याला झाडे तोडावी आणि फळबागा पुन्हा लावाव्या लागल्या. वॉरनचा नकाशाही लढाईच्या दिवसाचा नाही. लिंकनने नोव्हेंबर १८६३ मध्ये जिथे भाषण केले ती सैनिकांची दफनभूमी लढाईनंतरची आहे, म्हणून ती पटावरून काढायलाच हवी.

दुसरा आक्षेप खेळणाऱ्यांचा असतो: शेवटी सगळे घरांतच बसवायचे, तर एवढा काटेकोरपणा कशाला? चार्ल्स रॉबर्ट्सच्या १९५८ च्या ‘गेटिसबर्ग’ खेळाला १९६१ मध्ये षटकोनी घरे मिळाली, आणि तेव्हापासून अशा खेळांचा तोच शिरस्ता पडला. घरे हवीतच, त्यांच्यामुळे चाल मोजणे सोपे जाते. मात्र तो सर्वांत वरचा आणि शेवटी टाकायचा थर आहे. एक षटकोन भरताना अर्धी टेकडी किंवा कुंपणाचा तुकडा गळणारच. खालचे थर वेगळे ठेवले असतील तर काय गाळले हे करणाऱ्याला ठाऊक असते आणि खेळ अडला की ते परत घेता येते. घरे आधी आखून जमीन त्यांत कोंबली, तर नियमाची सोय कुठली आणि इतिहास कुठला हे पुढे त्यालाही सांगता येणार नाही.